उतरला का न्हाई

पलूसकडच्या एका कॉलेजात मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकन लघुकथांचा एक पेपर असायचा आणि त्यात एक प्रश्न ठरलेला: या कथांमधला पश्चात्ताप, दुसरी संधी आणि हरवलेली स्वप्नं यांची चर्चा करा. पोरं त्या प्रश्नाला नुसतं 'पश्चात्ताप' म्हणायची. परीक्षा जवळ आली की व्हरांड्यात गाठून विचारायची, "मॅडम, पश्चात्ताप येणार का औंदा?" मी म्हणायचे, "अभ्यास नाही केलास तर नक्की येणार."

त्या कथांतली माणसं मला मनापासून आवडायची. मोकळ्या, सपाट मुलखात राहणारी, मोजकं बोलणारी. कुणाला नाचायला शिकायचं होतं आणि तो बँकेत चिकटला. कुणी शेत विकून पायरीवर बसलाय. कुणी गाडी बंद करून आतच बसून राहिलाय, घरात जात नाही. एकदा पुढच्या बाकावरच्या एका पोरानं न राहवून विचारलं, "मॅडम, ह्याला भाऊबंद न्हाईत का कोण? कोणच कसं म्हणंना, गड्या घरी चल म्हणून?" वर्ग हसला. मी फळ्यावर 'एकटेपणा' असं लिहिलं आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, तो लांब जाईपर्यंत मला थांबावं लागलं.

त्यांतली एक ट्रकड्रायव्हरची कथा माझी खास लाडकी होती. या ड्रायव्हरची बायको खूप वर्षांपूर्वी त्याला सोडून गेलेली असते आणि एका गावात हमरस्त्याला खानावळ चालवत असते. दर आठवड्याला तो त्या गावावरून जातो, पण थांबत नाही. एका संध्याकाळी थांबतो. रस्त्याच्या पलीकडे ट्रक लावून, दिवे बंद करून तो काचेतून तिला बघतो. ती टेबलं पुसते, खुर्च्या उलट्या करून ठेवते, दिवे मालवते आणि निघून जाते. हा बसून राहतो. कथा तिथंच संपते. दरवर्षी त्या शेवटच्या ओळीला आले की मी पुस्तक मिटायचे आणि थोडा वेळ काहीच बोलायचे नाही. वर्गावर परिणाम व्हावा म्हणून. बहुतेक पोरं तेवढ्यात बसची वेळ बघून घ्यायची.

माझं माहेर वाईचं. वाईच्या शिकलेल्या मुलीनं पलूसकडचा फौजी नवरा कसा केला, हे माझ्या माहेरी अजून विचारतात. उत्तर साधं आहे. मला नोकरी करायची होती आणि नोकरी करू देणारं स्थळ तेवढं एकच आलं. लग्न झालं, ते सीमेवर गेले आणि मी सांगलीत खोली घेऊन राहिले, तिथून एसटीनं कॉलेजला जायचे. ते सुट्टीवर आले की ट्रंक ठेवायचे, आंघोळ करायचे आणि भावाला हातभार लावायला गावाकडं जायचे. मूल झालं नाही. पेन्शन घेऊन ते कायमचे घरी आले तोवर मला एकटीनं राहायची सवय लागून गेली होती आणि त्यांना, माझ्यापुरतं तरी, गप्प राहायची.

आमचं भांडण नव्हतं. कुणी तसं म्हटलं तर मी आजही कडाडून भांडेन. बोलणंच नव्हतं, एवढंच. दूध आलं. गॅस संपत आलाय. उद्या पाणी येणार नाही. सकाळी उजाडता उजाडता ते कृष्णेच्या घाटावर फिरायला जायचे आणि नाश्त्याच्या वेळेला परत यायचे. बूट पुसून कपाटात ठेवायचे, पेपर वाचायचे. घाटावर काय करता, हे मी कधी विचारलं नाही. फिरायला जाणारा माणूस फिरतो, त्यात काय विचारायचं?

रिटायर झाल्यावर मी घरीच शिकवण्या सुरू केल्या. दुपारचा चहा झाला की हॉलमध्ये सतरंजी टाकून पाच-सहा मुली बसायच्या आणि मी तोच पेपर, त्याच कथा मराठीतून समजावून सांगायचे, कारण इंग्रजीतून सांगून त्यांना पत्ता लागत नसे. त्या वेळी हे आतल्या खोलीत आडवे झालेले असायचे. पंखा बंद करून. ऐन मे महिन्यात, भिंती तापलेल्या असताना, पंखा बंद. मी आत जाऊन म्हणायचे, "अहो, उकडून मराल." ते म्हणायचे, "सवय आहे." सांगलीच्या मे महिन्याची सवय कुणाला असते? मला वाटायचं बिल वाचवतात. एकदा रागानं मी जाऊन बटण दाबलं आणि बाहेर आले. दोन मिनिटांत पंखा पुन्हा बंद झाला.

गेल्या थंडीत ते गेले. घाटावरून आले, पोहे खाल्ले, "जरा बरं वाटत नाही" म्हणाले. शेजाऱ्यांनी रिक्षा बोलावली, ती दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. इतकं पटकन की मला रडायलाही सुचलं नाही. मी आधी पोह्यांची बशी उचलली.

दहावा त्यांच्या गावी, नदीवर केला. आमच्या भागात दहाव्याला अख्खा गाव येतो. मांडव, माइक, प्रवचन. एक पुढारी येऊन, ज्यांना त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं त्या माझ्या नवऱ्याच्या देशसेवेबद्दल बोलून गेले. मग पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याचं मन मोकळं झालं म्हणायचं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिली. ती कुठली, ते जिवंत माणसांनी ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा असतो.

कावळे होते. घाटावरच्या चिंचेवर चांगले चार-पाच बसले होते. खाली मात्र एकही येईना.

माझ्या दिरांनी हात जोडून सुरुवात केली. "दादा, बांधाचं भांडान मी मिटवतो बघ. आजच मिटवतो." कावळे हलले नाहीत. क्रियेला बसलेला पुतण्या ओला, कुडकुडत होता. तो म्हणाला, "काका, मी दारू सोडतो!" त्याच्या बायकोनं झटकन मान वर केली, कावळ्यांनी केली नाही. मागून एक माजी सैनिक ओरडले, "मेजर, वैनीस्नी काय कमी पडू देत न्हाई आमी!" माझा नवरा हवालदार म्हणून रिटायर झाला होता, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. एका म्हातारीनं सुचवलं, "पेढं ठेवा गं, लय आवडायचं त्येला." त्यांना पेढे आवडत नसत. एवढं मला माहीत होतं.

मग दीर माझ्याकडं वळले. "वैनी, तुमी सांगा. तुमाला म्हाईत आसणारच, काय राहिलं हुतं दादाचं."

सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. कुणीतरी माइकही पुढं केला. कुठल्याही गोष्टीतल्या कुठल्याही माणसाचं काय राहून गेलं, ते मी तासाभरात पुराव्यासकट सांगू शकत होते. पायरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं सांगितलं असतं. बँकेतल्या माणसाचं सांगितलं असतं. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला काय हवं होतं, ते मला आठवेना. आठवेना कसलं, ते कधी माहीतच नव्हतं. मी माइक बाजूला केला आणि हळूच म्हणाले, "अहो, मी वाईला जाणार नाही. इथंच राहीन." एका कावळ्यानं फांदीवर चोच घासली, इकडून आणि तिकडून.

ऊन चढलं. गुरुजींना पुढं आणखी एक काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. मंडळी हातपाय धुवून जेवायला निघाली.

मला राग आला होता. कावळ्याचा नव्हे, त्यांचा. एका घरात राहून, माझ्या हातचं खाऊन, हा माणूस असं काय मनात धरून बसला होता? आणि मला चारचौघांत तोंडघशी पाडून गेला? तेवढ्यात दोन अनोळखी म्हातारे माझ्याजवळ आले. एक उंच, खाकी शर्टातला. दुसरा बुटका, पांढरी टोपी आणि दाढी. "वैनी, जरा बोलायचं हुतं," उंच म्हातारा म्हणाला. पण बायकांनी मला जेवायला ओढून नेलं आणि नंतर ते दिसले नाहीत.

वाईहून भाऊ आला होता. "चल, चार महिने राहा," म्हणाला. मी नदीवर शब्द देऊन बसले होते. कावळ्यानं तो घेतला नसला तरी मला मोडवेना. मी सांगलीला परत आले.

एकटीनं राहणं मला नवं नव्हतं. अर्धं आयुष्य मी तशीच राहिले होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण हे एकटेपण निराळं निघालं. पूर्वी घरात कुणी नसायचं. आता एक ठरावीक माणूस नसायचा. चहाला दूध जास्त पडायचं. पेपर घडी न मोडता संध्याकाळपर्यंत पडून राहायचा. शिकवण्या मी बंद करून टाकल्या. दुपारी आतल्या खोलीत मीच आडवी व्हायचे, आणि काय राहिलं होतं, काय राहिलं होतं, एवढंच डोक्यात चालू असायचं. एखादा दात दुखावा तसं.

शेवटी मी विचारायला बाहेर पडले. दिरांना फोन केला, तर ते म्हणाले, "काय की वैनी. दादा बोलायचा कुटं?" फौजेतले त्यांचे एक जिवलग मित्र साताऱ्याला राहतात, त्यांच्याकडं एसटीनं गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला लावला आणि म्हणाले, "वैनी, आमच्या तुकडीत सगळ्यात बोलका कोण आसंल तर ह्यो. लडाखात बर्फात अडकून पडलो की ह्यो गोष्टी सांगायचा. भुताच्या, राजाच्या, मनाला येईल त्या. पोरं जेवन सोडून आयकायची."

मी म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल तर बोलत नाही ना?"

"न्हाई ओ. त्योच." ते हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी हसणं आवरलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. बोलका! मला फसवल्यासारखं वाटत होतं. माझ्या वाट्याला आलेला नवरा आणि त्या बर्फातल्या पोरांच्या वाट्याला आलेला माणूस एकच, हे काही केल्या जुळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेले. त्यांचं उरलेलं एकच ठिकाण ते होतं. नदीला पाणी बेताचं होतं. कुणी पोहत होतं, कुणी कपडे आपटत होतं. पायऱ्यांवर, देवळाच्या सावलीत ते दोघं म्हातारे बसले होते. मला बघून दोघंही उठून उभे राहिले.

उंच गृहस्थ एसटीतले रिटायर ड्रायव्हर निघाले. दुसऱ्यांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं, आता त्यांचा मुलगा बघतो. सगळा घाट त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पायरीवर माझ्यासाठी आपला पंचा अंथरला. मग ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाले, "वैनी, येक इचारू का? रागवू नका. त्यो ट्रकवाला उतरला का न्हाई वो?"

"कुठला ट्रकवाला?"

"आवं त्यो. हळद भरून मुंबैला जायचा. साताऱ्याच्या फुडं हायवेला ज्येच्या बायकुची खानावळ."

मला कळायला वेळ लागला. इतका की चाचांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. गेली काही वर्षं रोज सकाळी माझा नवरा या पायरीवर बसून यांना गोष्टी सांगत होता. माझ्या गोष्टी. आदल्या दुपारी मी हॉलमध्ये मुलींना सांगितलेली कथा दुसऱ्या दिवशी घाटावर यायची. तीत अमेरिका नसायची. सपाट मुलखाचा जतचा माळ व्हायचा. बर्फ तेवढा बर्फच राहायचा, कारण तो त्यांनी पाहिलेला होता. पियानोची बाजाची पेटी व्हायची.

"पंख्याचा आवाज मधी येतो म्हनून बंद करून आयकतो, म्हनायचे," चाचा म्हणाले. "लय उकडतं, पन ती सांगती झ्याक, म्हनायचे."

मी पदरानं तोंड पुसलं. मे महिन्याची एकेक दुपार मला आठवायला लागली.

पुढं जे कळलं त्यानं मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. शेत विकून पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट त्यांनी सांगितली होती, पण माझ्या नवऱ्याच्या गोष्टीत सह्या व्हायच्या दिवशी त्याचे दोन्ही मुलगे ट्रॅक्टर घेऊन दारात हजर झाले. बँकेतल्या माणसानं पन्नाशीला बँकेच्याच माडीवर नाचाचा क्लास काढला आणि मॅनेजरची बायको पहिली विद्यार्थिनी झाली. एकही गोष्ट जशी होती तशी संपली नव्हती. सगळ्यांना दुसरी संधी. सरसकट!

"असं नाहीये त्या कथांमध्ये," मी म्हणाले. "त्यांनी शेवट बदललेत."

"व्हय. आमाला सांगून बदलायचे," ड्रायव्हर म्हणाले. "म्हनायचे, पुस्तकात न्हाई, पन आपन करू या."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. शेजारी कपडे धुणारी बाई बघायला लागली. "तुम्हाला रोज सकाळी सांगायचे, आणि मी घरात तोंड शिवून बसलेली?"

चाचा म्हणाले, "आमी म्हनलो त्यांना, भाभीला सांगा की. तर म्हनाले, ती मास्तरीन हाय, चूक काढंल."

"काढली असती!" मी म्हणाले. "चुकलं तर काढणारच. त्यात काय मेलं एवढं?" आणि मला इतका मत्सर वाटला त्या दोन म्हाताऱ्यांचा, की तो लपवायचंही सुचलं नाही. माझा माणूस यांनी रोज ऐकला होता.

ड्रायव्हरांनी मला शांत होऊ दिलं. मग त्यांनी मूळ मुद्दा पुन्हा काढला. शेवटच्या दिवशी ट्रकवाल्याची गोष्ट चालू होती. ट्रकवाल्यानं खानावळीच्या समोर गाडी लावली, दिवे बंद केले, खूप वेळ तिला बघत बसला. मग दार उघडून एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. तिथं माझा नवरा थांबला. छाती चोळत म्हणाला, आज बरं वाटंना, फुडचं उद्या सांगतो.

"दहाव्याला कावळा येईना," चाचा म्हणाले, "तवा आमा दोघांच्या बी मनात तेच आलं. गोष्ट अर्धी राहिली. तेच तर न्हवं? पन एवढ्या मानसांत, माइकफुडं, ट्रक कसा काढायचा?"

"तेवढं सांगा वैनी," ड्रायव्हर म्हणाले. "पुस्तक तुमी वाचलंय. उतरला का न्हाई?"

काय राहिलं होतं, ते शोधत मी साताऱ्यापर्यंत जाऊन आले होते. ते राहिलेलं म्हणजे हा प्रश्न. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. सगळ्या जगात मला ज्याची खात्री होती असं ते एकच उत्तर होतं. मी खरं तेच सांगितलं.

"नाही. उतरत नाही. बसून राहतो. मग ती दिवे मालवते आणि निघून जाते."

"आन् ह्यो?"

"गोष्ट तिथंच संपते."

"आसं कसं?" ड्रायव्हर माझ्यावर चिडलेच. "येवढा लोडचा ट्रक थांबवून?"

मी त्यांना समजावलं. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात, तो पुढं होत नाही, मग जन्मभर ते बोचत राहतं, आणि तेच तर या कथेचं मर्म आहे. वर्गात सांगायचे तसंच सांगितलं. माझं बोलणं मलाच कोरडं लागत होतं. चाचांनी टोपी नीट केली. ड्रायव्हर उठले, चपला शोधल्या आणि जाता जाता म्हणाले, "मेजर आसते तर त्यांनी उतरवला आसता."

मी घरी आले, स्वयंपाक केला नाही. हॉलमध्ये, मी शिकवायला बसायचे त्याच जागी बसून राहिले. इथून आतल्या खोलीतला पलंग अर्धा दिसतो. मला तो रोज दिसत होता. त्यावर पालथा पडून, घामानं बनियन भिजलेला एक माणूस माझा शब्दन् शब्द ऐकत होता, आणि मी मुलींना सांगत होते की काही माणसं समोर असूनही रस्ता ओलांडत नाहीत. त्यांना हॉलमध्ये यायला कितीसं अंतर होतं? आणि मला आत जायला? आत जाऊन म्हणायचं, अहो, आवडली का गोष्ट? एवढंच. त्या दुपारी मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा रडले. दहाव्याला रडले होते ते लोकांसाठी. मोठ्यानं रडले, शेजारीण येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा घाटावर गेले. ते दोघं होते. काल मी नाराज केलं होतं, म्हणून नमस्कार जरा बेतानंच झाला. मी पायरीवर बसले.

"काल मी पुस्तकातलं सांगितलं," मी म्हणाले. "तो उतरला."

ड्रायव्हर सरसावून बसले. "हँडब्रेक लावला का?"

"लावला."

"हां. मग सांगा."

मी सांगायला लागले. मला गोष्ट सांगता येते असं मी समजत होते, पण समोर पुस्तक नसताना सांगणं फार अवघड आहे. तो उतरला, दोन्हीकडं बघून रस्ता ओलांडला. खानावळीत गिऱ्हाईक नव्हतं. ती पाठमोरी होती, ओट्यावर फडकं मारत होती. पाय वाजले म्हणून वळली. हातात फडकं तसंच. त्याला बघितलं.

मी थांबले.

"मग? ती काय म्हनाली?" चाचांनी विचारलं.

ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सगळ्या कथांतून ती बाई काचेपलीकडं असते, तिचं बोलणं ऐकू येत नाही. तिच्या मनात काय होतं, असा प्रश्न माझ्या पेपरात एकदाही आला नव्हता. मी काय म्हणाले असते, तेवढंच मला माहीत होतं.

"ती म्हणाली," मी म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला यायचंच नव्हतं."

चाचा नदीकडं बघत होते.

"मग त्यो काय म्हनाला?" ड्रायव्हरांनी हळू आवाजात विचारलं.

"काही नाही. तो कमी बोलायचा. बाकावर बसला."

"तिनं वाढलं का?"

"वाढलं."

"जेवला?"

"पोटभर," मी म्हणाले.